टोकन लहान, मोठं, कापलेलं, गायब: फाउंड्रीत राक्षसांची चित्रं बिघडली की काय तपासायचं

फाउंड्री व्हीटीटी हा नेटवरून टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ खेळायचा प्रोग्रॅम. नकाशावर पात्राचं किंवा राक्षसाचं जे छोटं चित्र सरकवतात ते टोकन, आणि त्याच्या माहितीचं पान म्हणजे शीट. आधी लक्षणं. यातलं एक जरी ओळखीचं वाटलं तर पुढे वाचा.

- आउलबेअर (घुबड-अस्वल राक्षस) नकाशावरच्या चौकोनी घरांत दोन बाय दोन घरांचा असायला हवा, पण नकाशावर शेजारच्या लांडग्याएवढाच दिसतो.
- शीटवर झकास चित्र आहे, पण टोकन ओढून नकाशावर टाकलं की फाउंड्रीची डीफॉल्ट मानवाकृती येते.
- एकाच टोळीतला एक गॉब्लिन गोल चौकटीतला चेहरा, दुसरा वरून पाहिल्यासारखा, तिसरा पांढऱ्या चौकोनासकट.
- कड्याच्या आत आणखी एक कडं.
- टोकनचं चित्र बदललं, सेव्ह केलं, तरी नकाशावर जुनंच.
- तुमच्या स्क्रीनवर सगळं ठीक, खेळाडूंकडे मात्र भलतंच किंवा काहीच नाही.
- मॉड्यूल (फाउंड्रीला जोडायचा वाढीव संच) अपडेट झालं आणि हाताने केलेली सगळी दुरुस्ती गेली.

मी हे फाउंड्री व्हीटीटीबद्दल, व्हर्जन १२ आणि १३ धरून लिहितोय. उदाहरणं बहुतेक डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (डी अँड डी) पाचव्या आवृत्तीतली आहेत, कारण आमच्याकडे तेच जास्त चालतं. पाथफाइंडर हा तसाच दुसरा खेळ खेळणाऱ्यांसाठी एक वेगळी गोम आहे, ती मध्येच येईल.

सगळ्या तपासण्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधी सांगतो. फाउंड्रीत एका राक्षसाचं चित्र एका जागी नसतं. पहिलं पोर्ट्रेट, म्हणजे शीटवर आणि उजवीकडच्या पात्र-राक्षसांच्या अ‍ॅक्टर यादीत दिसतं ते. दुसरं प्रोटोटाइप टोकन, म्हणजे यादीतून ओढल्यावर नकाशावर काय उतरवायचं याचा साचा. तिसरं नकाशावर प्रत्यक्ष ठेवलेलं टोकन. ते एकदा ठेवलं की साच्याशी त्याचा दिसण्याच्या बाबतीत संबंध संपतो. शिवाय हे सगळं कंपेंडियममधे (मूळ नोंदींचा साठा) एकदा आणि तुमच्या वर्ल्डमधे (तुमची मोहीम) आयात झालेल्या प्रतीत पुन्हा एकदा असतं. ‘चित्र बिघडलंय’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं चित्र चांगलंच असतं. ते एक प्रत दुरुस्त करतात आणि बघतात दुसरी.

नुसतं बघून कळतं का?

फुकटातली तपासणी. अ‍ॅक्टर यादीतला छोटा फोटो बघा, मग ते टोकन कॉम्बॅट ट्रॅकरमधे (लढाईतल्या पाळ्यांची यादी) टाकून तिथला फोटो बघा. यादीत पोर्ट्रेट दिसतं, ट्रॅकरमधे साधारणपणे टोकनचं चित्र. यादीत बरोबर आणि ट्रॅकरमधे चूक असेल तर पोर्ट्रेटच्या नादी लागू नका, गडबड टोकनमधे आहे. दोन्हीकडे चूक असेल तर फाइलच सापडत नसावी. दोन्हीकडे बरोबर आणि फक्त नकाशावर वेडंवाकडं असेल तर माप, स्केल किंवा कडं.

आता यादीतून तोच राक्षस ओढून नकाशावर नव्याने ठेवा. नवा बरोबर आणि जुना चुकीचा दिसला तर काम संपलं. कोणीतरी साचा नंतर सुधारलाय आणि जुनी टोकनं तशीच राहिलीयत. जुनी काढून नवी ठेवा. फक्त एक भान ठेवा: टोकन अ‍ॅक्टरशी लिंक केलेलं नसेल, आणि साध्या राक्षसांचं नसतंच, तर त्याचे उरलेले हिट पॉइंट आणि त्यावर लागलेले परिणाम त्या टोकनवरच असतात. लढाई चालू असताना टोकन काढलं की तेही गेलं. सत्र संपू द्या.

खेळाडूंकडे वेगळं दिसतंय

ब्राउझरची कॅश, म्हणजे त्याने जपून ठेवलेल्या जुन्या फाइली. तुम्ही त्याच नावाने नवी फाइल टाकली असेल तर खेळाडूचा ब्राउझर जुनी फाइल दाखवत बसतो. विंडोजवर कंट्रोल-शिफ्ट-आर, मॅकवर कमांड-शिफ्ट-आर. फरक पडला तर पुढे काही करू नका. वारंवार होत असेल तर चित्र बदलताना फाइलचं नावही बदला, शेवटी आकडा लावा. कॅशचा प्रश्नच उरत नाही.

कॅश साफ करूनही एकाच खेळाडूकडे चित्र येत नसेल आणि तो फायरफॉक्स वापरत असेल तर फाइल एसव्हीजी (रेषांवर आधारलेला चित्रप्रकार) आहे का बघा. त्या फाइलच्या आत रुंदी-उंची लिहिलेली नसेल तर फायरफॉक्सवर ती कॅनव्हासवर उमटत नाही, क्रोमवर उमटते. वेबपी या चित्रप्रकारात बदलून टाका.

फाइल सापडतेय का?

इथे जरा थांबतो, कारण सर्वात जास्त वेळ इथेच वाया जातो. एफ१२ दाबा, ब्राउझरचा कन्सोल (त्रुटींची नोंद) उघडा, पान रिफ्रेश करा. लाल अक्षरात ४०४ (फाइल सापडली नाही) दिसला तर त्याच्या बाजूला फाइलचा पूर्ण पत्ता असतो. तो पत्ता अक्षर न अक्षर वाचा. नुसती नजर फिरवू नका.

तुमच्या लॅपटॉपवर चालणारं आणि सर्व्हरवर बंद पडणारं चित्र म्हटलं की पहिला संशय कॅपिटल-स्मॉल अक्षरांवर. विंडोज फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल वेगळं मानत नाही, मॅकही नेहमीच्या सेटिंगमधे मानत नाही. लिनक्स मानतो, आणि भाड्याने घेतलेले बहुतेक सर्व्हर लिनक्सवरच चालतात. मॉड्यूलच्या नोंदीत आउलबेअरचं पहिलं अक्षर स्मॉल आणि फोल्डरमधल्या फाइलच्या नावात कॅपिटल, एवढ्यावर पूर्ण मॉड्यूलची चित्रं उडालेली मी पाहिलीयत. निम्मी उडाली असतील तर आणखीच खात्री: एका माणसाने नावं एका पद्धतीने दिली, दुसऱ्याने दुसऱ्या.

नावातली मोकळी जागा, कंस, टक्क्याचं चिन्ह हेही त्रास देतात. आणि आपल्या लोकांसाठी खास: फाइलला ‘वेताळ’ किंवा ‘ब्रह्मराक्षस’ असं देवनागरीत नाव देऊ नका. तुमच्या मशीनवर चालेल, पण झिप करून दुसऱ्या सिस्टीमवर नेलं की नाव विस्कटण्याची शक्यता असते. अ‍ॅक्टरचं नाव खुशाल देवनागरीत ठेवा. फाइलचं मात्र रोमन, सगळं स्मॉल, शब्दांमधे हायफन.

पत्ता कुठल्या फोल्डरपासून सुरू होतो तेही बघा. तो ‘वर्ल्ड्स’पासून सुरू होत असेल तर ते चित्र एका वर्ल्डच्या फोल्डरमधे पडलंय. ते वर्ल्ड दुसऱ्या मशीनवर नेलं नाही किंवा काढून टाकलं की चित्र गेलं. ‘मॉड्यूल्स’पासून सुरू होत असेल आणि ते तुम्ही स्वतः तिथे टाकलेलं असेल तर लगेच बाहेर काढा. मॉड्यूल अपडेट होताना फोल्डर नव्याने लिहिला जातो, तुमची फाइल त्यात वाचेल असं धरून चालू नका. डेटा फोल्डरमधे थेट स्वतःच्या चित्रांचा एक वेगळा फोल्डर करा आणि सगळं तिथेच ठेवा.

पत्त्यात ताऱ्याचं चिन्ह दिसलं तर घाबरू नका. ते वाइल्डकार्ड आहे: एका नमुन्यात बसणाऱ्या अनेक चित्रांतलं एक आपोआप उचलायचं, म्हणजे सहा गॉब्लिन सहा चेहऱ्यांचे येतात. त्यासाठी प्रोटोटाइप टोकनमधे यादृच्छिक चित्राचा पर्याय टिक केलेला असावा लागतो. टिक नसेल तर फाउंड्री तारा हेच फाइलचं नाव समजून शोधत बसते. आणि त्या फोल्डरमधे नमुन्यात बसणारी भलतीच फाइल पडलेली असेल, समजा गॉब्लिनांच्या गुहेचा नकाशा, तर कधीतरी एक गॉब्लिन गुहा होऊन उगवणार. हे पाहिल्यावर टेबल अर्धा तास हसत असतं, पण कारण साधं आहे.

माप: घरं आणि स्केल

चित्र दिसतंय पण आकार चुकतोय, तर टोकन उघडून दोन आकडे बघा. हे दोन आकडे लोक सर्रास एकमेकांत मिसळतात.

रुंदी-उंची म्हणजे टोकन किती घरं व्यापतं. हा नियमांचा भाग आहे. पाचव्या आवृत्तीत स्मॉल आणि मीडियम एक घर, म्हणजे ५ फूट. लार्ज दोन बाय दोन, ह्यूज तीन बाय तीन, गार्गँट्युअन चार बाय चार. टायनी अर्धं घर. स्केल म्हणजे त्या घरांच्या आत किंवा बाहेर चित्र किती ताणून दाखवायचं. तो फक्त दिसण्याचा प्रश्न. आउलबेअर छोटा दिसतो म्हणून रुंदी तीन केलीत तर तो दिसेल बरोबर, पण अरुंद बोगद्यात मावणार नाही, अंतर मोजताना चुकेल, आणि कोणाच्या टप्प्यात कोण यावर तुमच्या टेबलावर वाद होईल. दिसणं सुधारायला नियमाचा आकडा हलवू नका.

मग तो छोटा का दिसतो? बहुतेक वेळा चित्राभोवतीच्या पारदर्शक मोकळ्या जागेमुळे. एक उदाहरण घेऊ. फाइल ५१२ बाय ५१२ पिक्सेलची, पण त्यातला प्रत्यक्ष प्राणी मधल्या ३४० पिक्सेलमधेच. ग्रिडचं एक घर १०० पिक्सेल असेल तर दोन घरांच्या टोकनला २०० पिक्सेल मिळतात, आणि त्यातला प्राणी दिसतो साधारण १३३ पिक्सेलचा. म्हणजे दोन घरांची जागा अडवून सव्वा घराचा आउलबेअर. शेजारच्या लांडग्याची फाइल काठोकाठ कापलेली असेल तर तो पूर्ण १०० पिक्सेल भरतो. दोघं जवळपास सारखे दिसले तर त्यात नवल नाही.

उपाय दोन. झटपट हवा असेल तर स्केल १.५ करा, वरच्या उदाहरणात प्राणी बरोबर दोन घरं भरतो. नीट हवा असेल तर जिंप या चित्र सुधारायच्या प्रोग्रॅममधे फाइल उघडा, मोकळी कडा कापा, कॅनव्हास पुन्हा चौरस करा आणि सगळ्या राक्षसांना सारखीच थोडी कडा ठेवून वेबपीत सेव्ह करा. दहा-बारा राक्षस असतील तर मी स्केलवर भागवतो. मोठी मोहीम असेल तर फाइलीच दुरुस्त करा, नाहीतर प्रत्येक नव्या राक्षसाला स्केल आठवत बसावं लागतं.

चित्र चौरस नसेल, म्हणजे उभं ४०० बाय ६०० वगैरे, तर टोकनच्या दिसण्याच्या टॅबमधे चित्र बसवण्याचा पर्याय आहे, व्हर्जन १२ पासून. ‘कंटेन’वर पूर्ण चित्र आत बसतं आणि बाजूला जागा उरते. ‘कव्हर’वर घर भरतं पण चित्र बाहेर येतं. ‘फिल’वर चित्र दाबलं जातं, सगळे ओगर बुटके आणि रुंद दिसायला लागतात. असे पसरट राक्षस दिसले की आधी हा पर्याय बघा.

पांढरा चौकोन? फाइल जेपीजी आहे. जेपीजीत पारदर्शकता नसतेच. पार्श्वभूमी काढून पीएनजी किंवा वेबपी करावी लागेल. नुसतं एक्स्टेन्शन बदलून काही होत नाही.

पाथफाइंडर दुसऱ्या आवृत्तीची गोम इथे. त्या खेळाच्या सिस्टीममधे (फाउंड्रीतला त्याचा नियमसंच) टोकनचा आकार अ‍ॅक्टरच्या आकाराशी जोडलेला असतो आणि आपोआप स्केलची सोय चालू असते. स्मॉल प्राणी ०.८ वर दाखवले जातात. तुम्ही हाताने १ करता, ती परत ०.८ करते, आणि तुम्ही म्हणता फाउंड्री सेव्हच करत नाही. ती जोडणी आणि आपोआप स्केल आधी बंद करा, मग आकडा लिहा.

कडं

व्हर्जन १२ मधे, म्हणजे २०२४ मधे, डायनॅमिक टोकन रिंग, म्हणजे फाउंड्रीने टोकनभोवती स्वतःच काढायचं कडं, मूळ प्रोग्रॅममधे आली. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचा रंगच बदलला.

कड्यात कडं दिसतंय, तर ज्या चित्रात चौकट आधीच रंगवलेली आहे त्यावर डायनॅमिक रिंगही चालू आहे. एक बंद करा. रिंगसाठी चौकटीशिवायचं, पारदर्शक पार्श्वभूमीचं चित्र लागतं.

चित्र बदललं तरी जुनंच दिसतंय, याचंही उत्तर बहुतेकदा रिंगमधेच सापडतं. रिंग चालू असेल तर तिच्या आतल्या चित्राचा वेगळा पत्ता असतो, ‘सब्जेक्ट टेक्श्चर’ नावाच्या रकान्यात. तो भरलेला असेल तर नकाशावर तोच चालतो. टोकनच्या मुख्य रकान्यात तुम्ही काय लिहिलंय याला तिथे किंमत नाही. तो रकाना रिकामा करा किंवा त्यातही नवा पत्ता टाका. आतल्या चित्राचा स्केलही तिथे वेगळा आहे, तोही बघून घ्या.

तीन शैलींची सरमिसळ, म्हणजे चेहरा, वरून पाहिलेलं आणि पूर्ण उभी आकृती, याला तांत्रिक उपाय नाही. मॉड्यूल बनवणाऱ्यांनी चार ठिकाणांहून चित्रं गोळा केलेली असतात. सगळ्यांना एकच रिंग लावली की निम्मं ओंगळपण झाकलं जातं, हा माझा अनुभव. एक काम मात्र करा: चेहऱ्याच्या आणि उभ्या टोकनांचं फिरणं लॉक करा. फाउंड्रीत शून्य अंशाला टोकनचं तोंड खाली असतं, त्यामुळे वरून पाहिलेली चित्रंही त्याच दिशेची हवीत. नाहीतर तुमचा ड्रॅगन पाठमोरा चालतो आणि जादूगार डोक्यावर उभा राहतो.

दोन मॉड्यूल भांडतायत का?

आता थोडा वेळ लागेल. आधी वर्ल्डचा बॅकअप घ्या.

कंपेंडियममधल्या राक्षसांना बाहेरून चित्रं पुरवायची सोय फाउंड्रीत आहे. एखादं चित्रसंग्रहाचं मॉड्यूल स्वतःची यादी देतं: या राक्षसाला हे पोर्ट्रेट, हे टोकन. अशी दोन मॉड्यूल एकाच वेळी चालू असतील तर काही राक्षस एकाकडून आणि काही दुसऱ्याकडून कपडे घालून येतात. सेटिंग्जमधे कंपेंडियम आर्टची खिडकी आहे. तिथे कोणाला आधी मान हे ठरवता येतं, पोर्ट्रेट आणि टोकन वेगवेगळे चालू-बंदही करता येतात. हे लागण्याचं कारण असं की पाचव्या आवृत्तीच्या मोफत नियमसंचात, जो जानेवारी २०२३ मधे क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला, फक्त मजकूर आहे. राक्षसांची चित्रं त्यात नाहीत. प्रत्येकाने ती आपापल्या परीने भरलीयत.

त्या खिडकीत उत्तर मिळालं नाही तर सगळी मॉड्यूल बंद करून निम्मी-निम्मी चालू करत जा. ‘फाइंड द कल्प्रिट’ नावाचं मॉड्यूल हेच काम तुमच्यासाठी करतं. टोकन ठेवताच त्याचा आकार, नाव, स्केल बदलणारी मॉड्यूल हे नेहमीचे संशयित.

दुरुस्ती टिकवायची कशी

मॉड्यूलच्या कंपेंडियमचं कुलूप उघडून आतच चित्र बदललंत तर पुढच्या अपडेटला ते जाणार. राक्षस वर्ल्डमधे आयात करा, तिथे सुधारा, मग स्वतःच्या वर्ल्ड कंपेंडियममधे ठेवा. नकाशावर एक टोकन मनासारखं जमलं की अ‍ॅक्टरच्या प्रोटोटाइप टोकनच्या खिडकीत ‘असाइन टोकन’चं बटण आहे. टोकन निवडून ते दाबलं की तेच मापं-स्केल साच्यात जातात, पुन्हा टाइप करायला नको. पन्नास टोकनं एकदम बदलायची असतील तर ‘मास एडिट’ मॉड्यूल वापरा. नेटवर मिळालेला जुना मॅक्रो (छोटी आज्ञावली) चालवू नका. व्हर्जन १० मधे टोकनच्या चित्राचे आणि स्केलचे रकाने बदलले, त्याआधीचे मॅक्रो काम करतीलच याचा भरवसा नाही.

पूर्ण अ‍ॅडव्हेंचर पुन्हा आयात करण्याचा मोह होईल. त्यात तुमच्या सीनवर, हलवलेल्या टोकनांवर, जर्नलमधल्या नोंदींवर मूळ प्रत चढते. फाउंड्री इशारा देते, तो वाचा.

इथे हात थांबवा

कंपेंडियम उघडतच नाही किंवा कन्सोलमधे लेव्हलडीबीचं (कंपेंडियम साठवायची पद्धत) नाव घेऊन त्रुटी येतेय, तर फाउंड्री बंद करा आणि बॅकअप परत लावा. व्हर्जन ११ पासून कंपेंडियम ही एक फाइल नसून छोट्या फाइलींचा फोल्डर आहे. त्यातली एखादी ‘नको असलेली’ फाइल हाताने काढलीत की सगळंच जाण्याची शक्यता असते. फाउंड्री चालू असताना तो फोल्डर ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हने सिंक होत असेल तर ते आधी बंद करा. बॅकअपच नसेल तर स्वतः प्रयोग न करता जाणकार डेव्हलपरला फोल्डर जसाच्या तसा द्या.

४०४ येतोय आणि ती फाइल मॉड्यूलच्या फोल्डरमधे खरोखरच नाही: मॉड्यूल एकदा काढून पुन्हा टाका. तरी नसेल तर ते मॉड्यूलकर्त्याचं काम आहे. विकत घेतलेल्या मॉड्यूलची चित्रं दुसरीकडून मिळवून त्यात भरत बसू नका, आणि दुरुस्त केलेलं मॉड्यूल गटात वाटू तर अजिबात नका. परवाना तुमच्या टेबलापुरता असतो.

तुमच्या मशीनवर सगळं नीट, नावंही जुळतात, फक्त भाड्याच्या सर्व्हरवर चित्रं येत नाहीत: होस्टिंगवाल्यांना तिकीट टाका. चित्र मुळातच १५० पिक्सेलचं असेल आणि ड्रॅगन चार घरांचा असेल तर कुठलीच सेटिंग ते धारदार करणार नाही. चित्रकाराकडून काढून घ्या आणि सांगताना चौरस, पारदर्शक पार्श्वभूमी, चौकट नको, एवढं आधीच सांगा.

तक्रार पाठवताना फाउंड्रीचं व्हर्जन, सिस्टीमचं व्हर्जन, मॉड्यूलचं व्हर्जन, राक्षसाचं नाव, कन्सोलमधली लाल ओळ जशीच्या तशी, आणि बाकी सगळी मॉड्यूल बंद करूनही तसंच होतं का, एवढं द्या. ‘चित्रं दिसत नाहीत, प्लीज हेल्प’ एवढ्यावर कोणीही पहिलं उत्तर म्हणून हीच यादी मागतो, आणि तुमचे दोन दिवस त्यातच जातात.